स्टेशनाच्या अलीकडचा लाल सिग्नल

आधी सिग्नलचं सांगते, नाहीतर बाकीचं सांगायच्या नादात तेच राहून जाईल.

इथे आखातात, मनामा शहरातल्या आमच्या ऑफिसात एक काका होते. ते रोज साडेबारा वाजता, डबा उघडायच्या आधी, अमेरिकेतल्या एका छोट्या गावात फिरायला जायचे. म्हणजे खुर्चीतच बसून. नेटवर रस्त्यांचे फोटो असतात ना, बाण दाबत दाबत पुढे जाता येतं, त्यात. गावाच्या जुन्या बाजारपेठेत कोर्टाच्या पायऱ्यांपासून निघायचे, उजव्या फुटपाथने, एकेक बाण. बँक, औषधाचं दुकान, न्हावी, हार्डवेअरवाला. तिसऱ्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर सिग्नल होता, आणि ज्या क्षणी तो फोटो निघाला त्या क्षणी तो लाल होता. काका तिथे थांबायचे. दहा-पंधरा सेकंद. मग वळायचे आणि परत यायचे.

मी नवीन होते तेव्हा म्हटलं, "काका, फोटो आहे हा. दाबा ना पुढे."

"लाल हाय."

"तो लालच राहणार."

"मग आपण बी अलीकडंच राहणार. सिग्नल तोडून कुठं जायची घाई हाय तुला?"

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. पुढची दीड वर्षं मी त्यांच्याबरोबर रोज त्या सिग्नलपर्यंत जाऊन परत आले. आणि त्या रस्त्याच्या शेवटी, सिग्नलच्या पलीकडे, रेल्वे स्टेशन होतं. काकांना त्या स्टेशनापर्यंत पोचायचं होतं. एवढंच हवं होतं त्या माणसाला, आणि हे आख्ख्या ऑफिसला माहीत होतं.

आता ऑफिसचं. आमची कंपनी इमारतींची ड्रॉइंग काढून देते. पोट भरतं ते इथल्या बंदराजवळच्या हिद्द भागातल्या गोदामांवर. गोदाम म्हणजे चार भिंती, नव्वद अंश, एक शटर, झालं. हे अमेरिकेचं काम कुणाच्यातरी ओळखीतून आलं होतं. तिथल्या एका गावाला (नाव सांगत नाही, कंपनीचा नियम आहे) आपली शंभर-सव्वाशे वर्षांची बाजारपेठ दुरुस्त करायची होती. दुरुस्तीआधी प्रत्येक इमारत जशी आहे तशी कागदावर हवी. तिथली माणसं रस्त्यात तिकाटणं लावून लेझरने सगळं मोजायची आणि आम्हाला फाइल पाठवायची. ती फाइल उघडली की लाखो ठिपक्यांचा एक ढग दिसतो, आणि त्या ढगात दुकान उभं असतं. त्यावरून आम्ही रेघा मारायच्या. एकेक ब्लॉक, कोर्टापासून स्टेशनापर्यंत. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन चौकटी: ड्रॉन बाय, चेक्ड बाय. पहिलीत माझी सही, दुसरीत काकांची.

ऑफिसात सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी काका, कारण मी नाशिकची आणि ते मिरजेचे, आणि परक्या मुलखात मिरज म्हणजे जवळजवळ नाशिकच.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्वतःची चूक सांगितली, अगदी ओळख करून दिल्यासारखी. लेझरला सगळं दिसत नाही. मध्ये झाड येतं, ट्रक उभा असतो, मागची गल्ली अरुंद असते. तिथे काका फोटोवरून विटांच्या रांगा मोजायचे आणि उंची काढायचे. तर कोपऱ्यावरची बँक त्यांनी मोजली, एकशे बत्तीस रांगा, आणि हिशोब धरला मिरजेच्या विटेचा. "साडेतीन इंचाला एक रांग. लहानपणापासनं डोक्यात बसलेलं. बँक एक मजला उंच झाली. शेजारच्या दुकानावरनं अशी डोकावायला लागली, लग्नात मागच्या रांगेतला उंच माणूस दिसतो तशी. तवा कळलं, तिथली वीट बुटकी हाय. तीन रांगा म्हणजे आठ इंच. पाठ कर. पाढा पाठ करतात तसं पाठ कर."

ते मोजायचे बोटांच्या कांड्यांवर. अंगठा सरकत राहायचा, ओठ हलत राहायचे. शेजारच्या टेबलावर एक फिलिपिनो मुलगी आली होती नवीन, तिला वाटलं ह्यांची प्रार्थनेची वेळ आहे. ती महिनाभर त्या वेळी आपली गाणी बंद करायची. काकांना हे कळल्यावर ते म्हणाले, "चालू दे तिचा गैरसमज. शांत वाटतं."

आणि ते कधी अमेरिका म्हणायचे नाहीत. गाव म्हणायचे. "गावात आज बर्फ पडलाय." बाहेर जुलै, पंचेचाळीस डिग्री, टॅक्सीच्या दाराची कडी रुमालाने धरून उघडावी लागते, आणि हे तिथल्या माणसांनी जानेवारीत काढलेले फोटो बघून सांगतायत की गावात बर्फ पडलाय, न्हाव्याच्या पायरीवर घसरायला होत असेल. एकदा आपल्या लोकांच्या गणपतीच्या कार्यक्रमात एका बाईंनी विचारलं, "तुमचं गाव कुठलं हो?" काका पुरणपोळी खात होते. म्हणाले, "कोर्टापासनं सरळ यायचं, औषधाच्या दुकानाशी डावीकडं." बाई म्हणाल्या, "अय्या, मिरजेत ना?" काका जरा विचार करून म्हणाले, "मिरजेत बी हाय तसंच."

राहायचे जिदहफ्सला, खाली रोटीची भट्टी, वर एक खोली. काकू मिरजेत. काकूंचा फोन आला की स्पीकरवरच, आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"आलं का तुमचं स्टेशन?"

"चार इमारती राहिल्या सिग्नलपर्यंत."

"गेल्या महिन्यात पण चारच होत्या."

"दोन वाकड्या निघाल्या. वेळ लागतो."

"सरळ करा आणि या घरी."

"तसं चालत न्हाई."

हे "तसं चालत नाही" म्हणजे काकांचं सगळं शास्त्र. जुन्या इमारती वाकड्या असतात. भिंत कलते, खिडकी एका बाजूला खचते, दुकान समोर रुंद आणि मागे अरुंद होतं. सॉफ्टवेअरला हे आवडत नाही. रेघ जरा तिरकी मारली की खाली पिवळी पट्टी येते, रेघ किंचित तिरकी आहे, चूक होऊ शकते वगैरे. बहुतेक लोक रेघ सरळ करून टाकतात. पट्टी जाते, काम भराभर होतं. काका ती पट्टी बंद करायचे आणि रेघ तशीच ठेवायचे. "आपण गवंडी न्हाई. आपण नोंद करणारी माणसं. वाकडं हाय तर वाकडं लिही. सरळ करायचं का पाडायचं, ते गाव बघंल."

दुसरं म्हणजे वर बघायचं. "खालचं दुकान बदलतं. वर बघ." त्या रस्त्यावर बँकेत आता पिझ्झा मिळतो, पण वरच्या मजल्यावर खिडक्यांच्या कमानी तशाच आहेत, पत्र्याची नक्षी तशीच. हे त्यांना इतकं लागलं होतं की मनामाच्या जुन्या बाजारातही ते मान वर करून चालायचे. खाली मोबाइलची कव्हरं, अत्तरं, सोन्याची दुकानं, आणि काका बघतायत वर, लाकडी जाळीच्या जुन्या खिडक्या. एका शुक्रवारी मी बरोबर होते. समोरून हातगाडीवाला आला. त्याने दोनदा हाक मारली. काका खजुरांच्या खोक्यांवर जाऊन आदळले. हातगाडीवाला वैतागून म्हणाला, "चाचा, ऊपर क्या है?" काका गुडघा चोळत म्हणाले, "पुराना मकान है भाई. नीचे सिर्फ दुकान है." त्यानेही मग मान वर केली. दोघं बराच वेळ बघत उभे होते. मागे गाड्यांची रांग लागली.

आता स्टेशनाचं. काकांची साठी उलटली होती. व्हिसा दरवर्षी मॅनेजर वाढवायचा आणि दरवर्षी कुरकुर करायचा. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. अमवाजला राहायचा, रोज समुद्र बघून यायचा आणि तरी चिडलेला असायचा. त्या वर्षी काकांनी त्याला स्वतःहूनच सांगितलं होतं, "स्टेशन तक. स्ट्रीट खतम, मैं खलास. टिकट मैं खुद निकालूँगा." मॅनेजर म्हणाला, "ठीक है चाचा, स्टेशन तक. इंशाल्ला." तो इंशाल्ला मी ऐकला होता. त्यात हो किती आणि बघू किती, हे इथे राहिलेल्याला आपोआप कळतं.

मी विचारलं होतं एकदा, "पण स्टेशनच का?"

"मी मिरजेचा हाय," म्हणाले. "स्टेशन आल्याशिवाय उतरत न्हाई."

बास. ह्याच्यापुढे कारण दिलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण तेव्हा मला पुढच्या दुकानाच्या कमानी काढायच्या होत्या.

मग तो सोमवार आला. साडेबाराला काका नेहमीसारखे निघाले. मी माझ्या टेबलावरच होते, हार्डवेअरच्या दुकानाची बारा शीट्स त्या दिवशी जायची होती. अचानक काका म्हणाले, "अगं, ये की इकडं."

"काका, शीट्स."

"हिरवा झालाय."

नेटवर फोटो बदलले होते. कधीतरी उन्हाळ्यात ती कॅमेऱ्याची गाडी पुन्हा त्या रस्त्याने गेली होती. झाडं मोठी झालेली, न्हाव्याचं दुकान बंद, काचेला आतून कागद लावलेले. आणि कोपऱ्यावर सिग्नल हिरवा. काका त्या हिरव्याकडे बघत होते. मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खरंच, फोटो फिरवून बघितलं, आणि बाण दाबला. पलीकडे गेले.

डबा तसाच राहिला. दुपारभर ते त्या पलीकडच्या दोन ब्लॉकमध्ये होते. प्रत्येक दुकानासमोर थांबायचे, वर बघायचे, मला ओरडून सांगायचे. "इथं वर नाटकाचं थेटर होतं बघ, एवढ्या मोठ्या खिडक्या." "इथं भिंतीवर पिठाची जाहिरात हाय रंगवलेली, निम्मी पुसलीय." मी "हं" म्हणत होते. शेवटच्या कोपऱ्यावर गाडी डावीकडे वळली होती. म्हणजे फोटो तिथेच संपत होते. स्टेशनाचं फक्त छप्पर दिसत होतं, एका पिकअप ट्रकच्या मागे.

चार वाजता मी शीट्स त्यांच्यासमोर ठेवल्या. काकांनी बाराच्या बारांवर सही केली. मी बघत होते. एकही उलटून बघितली नाही. मला बरंच वाटलं, कारण लवकर सुटले.

त्या बारांत एक भिंत होती. हार्डवेअरचं दुकान आणि शेजारची इमारत ह्यांच्यात एक बोळ आहे. तोंडाशी चार फूट दोन इंच, मागे जाऊन तीन फूट दहा. ढगात स्वच्छ दिसत होतं. पण शनिवारी सुट्टीच्या दिवशी बसून मी ते काम उरकत होते, ती पिवळी पट्टी सारखी येत होती, आणि मी भिंत सरळ केली. चार इंच. एक क्लिक.

दोन महिन्यांनी फोटो आला. त्या बोळात लोखंडी जिना बसवायचा होता, आग लागली तर उतरायला. आमच्या ड्रॉइंगवरून बनवला होता. जिना अर्ध्यात जाऊन अडकला होता. शब्दशः अडकला होता, बाटलीच्या तोंडात बूच अडकतं तसा. शेजारी दोन माणसं कमरेवर हात ठेवून उभी. एकाने टोपी मागे सरकवलेली. काकांनी तो फोटो बघितला आणि सगळ्यात आधी म्हणाले, "वर पत्रा लावलाय नवीन. चांगला लावलाय."

संध्याकाळी केबिनमध्ये कॉल. इथे चार, तिथे सकाळ. मॅनेजर, काका, मी, आणि स्क्रीनवर तिथली एक शांत बाई, हातात कॉफी. ती रागावली नव्हती, तेच जास्त भयंकर होतं. तिला फक्त कळायला हवं होतं की चूक मोजण्यात झाली की काढण्यात, कारण मोजणारे तिच्याकडचे होते.

मी तेव्हा सहा महिन्यांच्या नव्या कॉन्ट्रॅक्टवर होते. व्हिसाचे कागद मॅनेजरच्याच टेबलावर होते, मला दिसत होते, पिवळी फाइल. मी म्हटलं, "देअर मे बी सम नॉइज इन द स्कॅन." म्हणजे ढगच खराब असेल. हे इतक्या सहज तोंडातून आलं की मलाच नवल वाटलं.

काका म्हणाले, "नो. स्कॅन इज करेक्ट." आणि माझ्याकडे बोट केलं. रागाने नाही, दुकान दाखवतात तसं. "शी मेड इट स्ट्रेट. आय डिड नॉट चेक."

मॅनेजर म्हणाला, "चाचा, साइन तो है आपका."

"साइन है. चेक नहीं किया."

"क्यों?"

काकांनी जरा विचार केला. खोटं सुचत नव्हतं म्हणून नाही, खरं कुठून सुरू करावं म्हणून. मग म्हणाले, "उस दिन सिग्नल ग्रीन था."

बाईने विचारलं, "सॉरी, व्हॉट सिग्नल?" मॅनेजरने कॉल म्यूट केला.

हिशोब साधा होता. काढणारा चुकतो, म्हणून तर तपासणारा ठेवलेला असतो. मला एक वॉर्निंग लेटर मिळालं आणि व्हिसा मिळाला. काकांचा वाढला नाही. महिनाभराची मुदत. सिग्नलच्या पलीकडच्या ब्लॉकच्या फाइली नुकत्याच यायला लागल्या होत्या.

मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. खरं सांगायचं तर मी वाचले होते आणि तरी माझाच राग जास्त होता. बोट दाखवायची काय गरज होती, असं मी रूमवर मुलींना सांगत फिरले. एक जण म्हणाली, "पण भिंत तूच सरळ केलीस ना?" मी म्हटलं, "तो मुद्दा नाहीये." तोच मुद्दा होता. काकांच्या लेखी त्यांनी तक्रारही केली नव्हती आणि बलिदानही दिलं नव्हतं. बोळ मागे चार इंच अरुंद आहे, हिने सरळ काढला, मी बघितला नाही. तीन नोंदी. वाकडं आहे तसं वाकडं.

शेवटच्या दिवशी साडेबाराला ते निघाले. मला हाक मारली नाही. मी डबा घेऊन त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. कोर्ट, बँक, औषधाचं दुकान, न्हाव्याच्या कागद लावलेल्या काचा. सिग्नलशी आलो. हिरवा.

"तू जा पुढं," म्हणाले. "मी बघितलंय."

"स्टेशन नाही बघितलंत."

"गाडी वळते तिथनं डावीकडं." मग डबा उघडला. "भेंडी हाय. घे."

आम्ही भेंडी खाल्ली. ते म्हणाले, भेंडीत मीठ कमी आहे, आणि स्टेशनाची फाइल आली की धुराड्याची आठवण ठेव, स्टेशनाला धुराडं असतंच, तिथे लेझर पोचत नाही. मी हो म्हटलं. सॉरी म्हणायचं ठरवून गेले होते, ते राहिलं. भेंडीवरच बोललो.

त्यानंतर सात महिन्यांनी स्टेशन आलं. सगळ्यात शेवटची फाइल. एक मजली, लाल विटेचं, रुळांच्या बाजूला लांब उतरतं छप्पर, बंद पडलेलं, गाड्या आता थांबत नाहीत. मी ते तीन आठवडे काढत होते. नवीन तपासणारा म्हणजे मॅनेजर स्वतः, आणि तो शीटचा नंबर बरोबर आहे का एवढंच बघतो. पश्चिमेची भिंत मी चारदा मोजली. विटांनी मोजली, ढगाने मोजली. एक अंशही तिरकी नव्हती. त्या आख्ख्या रस्त्यावरची ती एकमेव सरळ भिंत असेल.

मी ड्रॉइंगचा आणि स्टेशनाचा फोटो काकांना पाठवला. हो, नियमात बसत नाही. लिहिलं, "काका, स्टेशन. पश्चिमेची भिंत खरोखरच सरळ आहे. मी केलेली नाही."

दोन दिवस उत्तर नाही. निळ्या खुणा आल्या होत्या, म्हणजे बघितलं होतं. मी दर अर्ध्या तासाने फोन बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मेसेज.

"सत्तावन्न रांगा. बारा फूट आठ इंच. भिंत सरळ हाय. धुराडं डावीकडं कललंय, बघ."

मी उघडून बघितलं. ढगात दोनच धूसर ठिपके होते वर, आणि मी धुराडं त्यावर सरळ उभं केलं होतं, विचारही न करता. फोटो मोठा करून बघितला. कललं होतं. दीड इंच असेल.

कलतं काढलं. खाली पिवळी पट्टी आली. बंद केली. शीट मॅनेजरकडे गेली, त्याने नंबर बघितला, चेक्ड बायमध्ये सही केली. काकांना मी नवा फोटो पाठवला, नुसता, काही न लिहिता.

ह्या वेळी उत्तर लगेच आलं, एकच शब्द.

"उतरलो."